चौदा नंबरचा तुकडा

मी नकाशे करते, आणि मला रस्ते सापडत नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की पाहुण्यांना आता ती चहाबरोबरच्या बिस्किटासारखी मिळते. जयपूरला बदली होऊन आलो त्या पहिल्या महिन्यात मुरलीपुऱ्यातल्या आमच्याच घराकडे येताना मी तीन वेळा शेजारच्या गल्लीत शिरले. तिसऱ्या वेळी तर फाटक उघडून आत गेले, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे आपले नाहीत हे बघून मगच थबकले. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "आज फिर?"

हे, म्हणजे माझे यजमान, विमा कंपनीत. ते सगळ्यांना सांगत, "सरकारनं उपग्रह सोडला तो देशासाठी नव्हे. हिला संध्याकाळी घरी आणायला."

उपग्रहाशी माझा संबंध एवढाच, की तो वरून जी चित्रं घ्यायचा ती वाचण्याचं काम मी एका सरकारी कार्यालयात करत होते. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या कामातले रंग खोटे असतात. झाडं, पिकं, गवत, जे जे हिरवं ते चित्रात लाल दिसतं. पाणी काळं, घरं आणि रस्ते निळसर राखाडी. संक्रांतीला शास्त्रीनगरात आम्ही बदलीवाल्या मराठी बायका जमायचो, बँकेतल्या, विम्यातल्या, रेल्वेतल्या. तिथं मी एकदा असं एक चित्र कौतुकानं घेऊन गेले. एक वहिनी म्हणाल्या, "आमचं घर दाखवा ना यात."

"वहिनी, यातल्या एका ठिपक्यात तुमच्या गल्लीतली चार-पाच घरं मावतात."

"म्हणजे मग तुम्हाला दिसतं तरी काय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. तिळगूळ खाऊन घरी आले. प्रश्न मात्र बरोबर होता.

त्याच सुमारास तलावाचं काम माझ्याकडं आलं. शहराबाहेर टेकड्यांच्या मध्ये गोड्या पाण्याचा एक मोठा तलाव होता. तिकडची माणसं त्याला तलाव म्हणत नसत, बांध म्हणत, कारण राजेरजवाड्यांच्या काळात नदीला बांध घालूनच तो झालेला. आमच्या नळाला येणारं पाणी त्यातलं. काही वर्षांपासून तो पूर्वीसारखा भरेना, म्हणून वरून विचारणा झाली की त्याच्या आजूबाजूच्या जमिनीचा वापर गेल्या बारा-पंधरा वर्षांत कसकसा बदलला ते चित्रांवरून दाखवा.

पद्धत सोपी असते. जुनं चित्र घ्यायचं, नवं घ्यायचं, एकावर एक ठेवायचं आणि काय बदललं ते शोधायचं. रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी 'दहा फरक ओळखा' असतं ना, तेच, फक्त पगारी. नियम एकच, आणि तो पहिल्याच दिवशी शिकवतात. दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली हवीत. ऑक्टोबरात तलाव पावसानं भरलेला असतो आणि मे महिन्यात आटलेला. भरलेल्या ताटाचा आणि जेवून उठलेल्या ताटाचा फोटो शेजारी ठेवून 'भात चोरीला गेला' असं म्हणायचं नसतं.

मी तेच म्हटलं.

झालं असं, की जुनं चित्र कपाटात होतं ते ऑक्टोबरचं. नवंही ऑक्टोबरचंच मागवलं, तर त्यात नेमका तलावावर ढग. अहवालाची मुदत जवळ आलेली. साहेब म्हणाले, "मैडम, मई वाला पड़ा है ना? उसी से चला दीजिए।"

"सर, सीज़न अलग है..."

"तो नीचे एक लाइन लिख दीजिए।"

मी लिहिली. नकाशाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, की दोन्ही चित्रं वेगवेगळ्या ऋतूंतली असल्यानं निष्कर्ष जपून वापरावेत. लिहून मला अगदी स्वच्छ वाटलं. रात्री जेवताना हे सांगितलं तर यांनी घास थांबवला आणि म्हणाले, "वा. आमच्यातच ये तू. पॉलिसीच्या मागं बारीक अक्षरात लिहितात ना, तसलंच हे. लिहिणारा सुटतो, वाचणारा अडकतो."

"मी कुणाला अडकवलंय?"

"ते मला काय माहीत? आमटी वाढ."

मेच्या चित्रात तलावाचं पाणी आकसून काळं दिसत होतं आणि त्याच्या कडेकडेनं बारीक लाल किनार होती. काळ्या चंद्रकळेला लाल काठ असावा, तशी. ऑक्टोबरच्या जुन्या चित्रात त्याच जागी नुसतं काळं. तेव्हा हिशेब उघड होता, आधी पाणी होतं, आता पीक आहे. त्या लाल काठाचे मी अठरा तुकडे पाडले, त्यांना नंबर दिले आणि वर्गाचं नाव लिहिलं, 'तलावाच्या पोटात नव्यानं झालेलं अतिक्रमण'. अतिक्रमण हा शब्द माझा. साहेबांना तो फार आवडला. जागेवर जाऊन खात्री करायची असते, तीही केली. जीप एक दिवस मिळाली, ड्रायव्हरला चारच्या आत परतायचं होतं. बांधाच्या रस्त्यावरून खाली बघितलं, वेल दिसले, 'वेल आहेत' असं लिहून परत आलो.

तलावाकडं येणाऱ्या ओढ्यांच्या काठानंही लाल रंग वाढलेला दिसत होता. तिथं मी लिहिलं, 'वनस्पती आच्छादनात समाधानकारक वाढ'.

आता काकडीवाल्या अम्माची गोष्ट सांगायला हवी.

मार्च ते जून ती रोज सकाळी आमच्या गल्लीत यायची. पन्नाशी ओलांडलेली, काटक, लुगडीचा, म्हणजे तिकडच्या ओढणीचा, पदर कपाळावर ओढलेला. गावाहून पहाटेच्या जीपनं टोपल्या घेऊन यायची. हातगाडी झोटवाड्यात लेकीच्या दारात ठेवलेली असायची, ती घेऊन मुरलीपुरा फिरायची. काकड्या, खरबुजं, थोडी टिंडं, म्हणजे आपली ढेमसं. आमच्या फाटकाशी आली की पहिलं वाक्य विक्रीचं नसायचं. "पाणी पिला द्यो, बाईजी."

मी एकदा विचारलं, "अम्मा, लेकीच्या घरून निघताना पाणी पिऊन का निघत नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गाईचं शिंग काढून मागितलंय. बेटीच्या सासरचं पाणी प्यायचं नसतं. जेवणाचं तर नावच नको. गाडी तिच्या दारात ठेवायची, नातवंडांचे मुके घ्यायचे, पण घोट घ्यायचा नाही. म्हणून दिवसातलं पहिलं पाणी आमच्याकडचं. तांब्या उंच धरून, धार तोंडात सोडून ती प्यायची, आणि पिऊन झालं की दर वेळी म्हणायची, "घर को पाणी छै." घरचंच पाणी आहे.

तिच्या गावाजवळच्या बांधाचं पाणी नळातून शहरात येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याची चव तिला कळायची म्हणे. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिला हे भारी वाटायचं. "आई, मतलब अम्मा अपने गांव का पाणी हमारे घर पिते. किती फनी आहे ना?"

अम्माची बोली मला अर्धी कळायची, अर्धी मी अंदाजानं भरायची. म्हणून पुढं तिचं बोलणं बरंचसं माझ्या मराठीत सांगते. शेत कुठंय म्हणून विचारलं तर ती म्हणायची, बांधाच्या पोटात. पाणी उतरलं की जमीन निघते, जमीन निघाली की आम्ही वेल लावतो. पावसाळ्यात जमीन परत पाण्याची. हे ती दोन हंगाम मला सांगत होती. सकाळी मी तिची काकडी निवडून घ्यायची, ती मीठ लावून डब्यात न्यायची, दुपारी खायची, आणि तेच तोंड पुसून संगणकावर तिच्याच शेताभोवती रेघ मारायची. दोन्ही एकच आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

याहून लाजिरवाणं पुढं आहे. माझं माहेर सांगलीचं. कृष्णा उतरली की काठाला गाळाची जमीन उघडी पडते, तिला आमच्याकडं मळी म्हणतात, आणि त्या मळीतल्या वांग्यांखेरीज आईनं दुसरं वांगं घरात येऊ दिलं नाही. भाजीवाल्याला ती दरडावून विचारायची, "मळीतलीच ना रे?" म्हणजे पाणी सरल्यावर पिकणारी जमीन काय असते, हे मी शाळेत जायच्या आधी खाल्लेलं होतं. पण संगणकासमोर बसले की माझं माहेर कुठं जातं कोण जाणे.

अहवाल गेला. हिवाळा गेला. मार्चमध्ये अम्मा आली ती टोपल्या न घेताच. पाणीसुद्धा मागितलं नाही. पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाली, "पढ़ द्यो, बाईजी."

तहसिलीची नोटीस होती, तिच्या नवऱ्याच्या नावानं. तलावक्षेत्रातील तुकडा क्रमांक चौदा यावर अनधिकृत शेती आढळली आहे, पंधरा दिवसांत पीक काढून जागा मोकळी करावी, अन्यथा ट्रॅक्टर फिरवण्यात येईल. सोबत नकाशा. ती आता सांगत होती की वेलांना फुलं लागली आहेत, काही ठिकाणी बोटाएवढ्या काकड्या धरल्यात. पंधरा दिवसांत कुठला वेल निघतो? आणि नकाशावर हे चौदा कुठं, हेच कुणाला कळेना. गावात सगळे आपापसात भांडताहेत, हे तुझं, ते माझं. तहसिलीतल्या बाबूनंही नकाशा उलटासुलटा करून परत दिला होता.

मी नकाशा उलगडला. तो माझा होता. रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स, बहुतेक झेरॉक्सची झेरॉक्स. लाल काठाचा काळा चिखल झालेला, नंबर त्यात बुडालेले, आणि कागद कमी पडला म्हणून तळाची बारीक ओळ कापली गेलेली. ती मुंगी मेली होती.

मी बोट ठेवलं. "हे बघा. या खडकाळ टेकाडाच्या उगवतीला. हा चौदा."

अम्मा नकाशाकडं बघत नव्हती, माझ्या बोटाकडं बघत होती. मला वाटलं, अक्षरओळख नाही, नकाशा काय कळणार बिचारीला. तिनं कागद परत घेतला, घडी घातली आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"बघते," मी म्हटलं. आपल्याकडं काही करायचं नसलं की म्हणतात, त्या आवाजात नव्हे. पण तिला फरक कसा कळावा?

त्या दिवसापासून ती रोज आली. माल असो नसो. फाटकाशी उभी राहायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "कांई हुयो?" काय झालं? पंधरातले दिवस ती बोटांवर मोजायची, आणि बोटं मला दिसतील अशी धरायची.

घरी सांगितल्यावर हे पहिल्यांदाच हसले नाहीत. म्हणाले, "तिला सांगितलंस? नकाशा तुझा आहे म्हणून?"

"नाही."

"सांगणारेस?"

मुलगी अभ्यासातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, तू गलती केलीस? मतलब, ऑफिसमध्ये? मोठी माणसं पण ऑफिसमध्ये गलती करतात?"

"आधी निस्तरते," मी म्हटलं, "मग सांगते." आणि वांगी चिरायला घेतली. जयपूरची वांगी. कडू निघाली.

साहेबांकडं गेले तर ते म्हणाले, "मैडम, अतिक्रमण किसने लिखा था?"

"मैंने, सर. पर नीचे नोट भी..."

"नोट किसने पढ़ा?"

त्यांचा स्वर रागाचा नव्हता, हीच अडचण होती. ते म्हणाले, पत्र पाठवायचं तर पुरावा हवा. पूर्वीच्या उन्हाळ्यातही तिथं शेती होती हे दाखवा, मी सही करतो. पण जुन्या उन्हाळ्याचं चित्र आमच्याकडं नव्हतं. मागवायचं म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे दोन महिने. माझ्याकडं तेव्हा अकरा दिवस उरले होते.

आमच्यात एक सोय असते. चित्र मागवण्याआधी ढग आहेत का हे बघायला त्याचा एक छोटा नमुना बघता येतो. नखाएवढा, धूसर. त्यावरून कुणी काम करत नाही, जसं लग्नपत्रिकेवरून कुणी जेवत नाही. मी त्या जुन्या वर्षाच्या मे महिन्याचा नमुना काढला आणि पडद्यावर फुगवत गेले. ठिपक्यांचे चौकोन झाले, चौकोनांच्या विटा झाल्या. काळ्या विटांच्या कडेला लाल विटा होत्या. दोन-तीन ओळी, पण होत्या. त्याच्या आदल्या वर्षीच्या मेमध्येही होत्या. काठ होता, बारा वर्षांपूर्वीही होता. लाल काठाशिवाय ते पाणी उन्हाळ्यात कधी नव्हतंच.

नमुन्यावर विसंबून साहेब सही करणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून रविवारी अम्मा यायची-जायची त्या जीपमधून मी आणि मुलगी तिच्या गावी गेलो. वाट चुकायची मुभा नव्हती, कारण वाट ती दाखवत होती.

तलावाच्या पोटात मी पहिल्यांदाच उभी राहिले. आधी भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले. मग पाय ओलसर जमिनीत रुतायला लागले आणि वेल सुरू झाले, आणि त्यांच्या पलीकडं दूर, फार दूर, पाण्याची पट्टी. वरून बघताना मी याला तुकडा म्हटलं होतं. खाली एकेक आळं हातानं केलेलं होतं. आळ्याशेजारी वाऱ्याला आडवं वाळक्या सरकंड्यांचं, बोरूसारख्या गवताचं, कुंपण, वीतभर उंचीचं. मुलगी म्हणाली, "आई, अम्मानं प्रत्येक झाडाला घर बांधलंय."

अम्माच्या नवऱ्यानं झोपडीतून पत्र्याचा डबा आणला. त्यात पर्च्या. पाणी उतरल्यावर दर वर्षी सरकारच त्यांना एका हंगामापुरती ही जमीन कसायला देत होतं, पर्ची फाडून. याला तिकडं पेटा काश्त म्हणतात, पोटातली शेती. पिवळ्या, गुलाबी, काही तर उर्दू अक्षरांतल्या, त्याच्या बापाच्या नावाच्या. मी ज्याला 'नव्यानं झालेलं' म्हटलं होतं, ते माझ्या जन्माच्या आधीपासून दर उन्हाळ्यात सरकारी शिक्क्यानिशी होत होतं. तहसिलीत यातला एकही कागद कुणी का बघितला नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "साहब बोले, सैटेलाइट झूठ नहीं बोलता।"

खरं होतं. उपग्रह काही बोललाच नव्हता. बोलले होते मी.

परतताना त्यानं आम्हाला ओढ्याच्या वाटेनं नेलं. नदीला मिळणारा ओढा. मध्येच त्याच्या पात्रात एक भिंत आली, मग आणखी एक. भिंतींच्या आत बंगले, हिरवळ, कारंजं, रविवार म्हणून आलेल्या गाड्या. शहरातल्या कुणाकुणाची ती शेतघरं होती. ओढ्याचं पाणी आतल्या तळ्यांत अडलेलं, पुढं कोरडी वाळू. ही हिरवळ मी ओळखत होते. 'वनस्पती आच्छादनात समाधानकारक वाढ'. भिंती बारीक, माझ्या ठिपक्यांत त्या दिसल्याच नव्हत्या. हिरवळही लाल, वेलही लाल. एकाला मी शाबासकी दिली होती आणि दुसऱ्याला ट्रॅक्टर.

दुरुस्तीचं पत्र मी दोन पानी केलं. पहिल्या पानाची पहिली ओळ, या अठरा तुकड्यांबाबत माझं वाचन चुकलं. सोबत ते नमुने आणि पर्च्यांच्या प्रती. दुसरं पान भिंतींबद्दल. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "'गलती' हटाइए, 'संशोधन' लिखिए।" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मग दुसरं पान उचलून बाजूला ठेवलं. "एक बार में एक, मैडम. दोनों साथ भेजेंगी तो दोनों अटकेंगे. आपको खेत बचाना है या दुनिया?"

मला शेत वाचवायचं होतं. तेराव्या दिवशी एक पानी पत्र गेलं. दुसरं पान मी माझ्या खणात ठेवलं, वर पंचिंग मशीन ठेवलं, उडू नये म्हणून.

नोटिसा मागं घेतल्या गेल्या. अठराच्या अठरा. मे महिन्यात अम्मा आणि तिचा नवरा दोघं आले, आणि त्यांनी आमच्या ओट्यावर एक पूर्ण टोपली खरबुजं उतरवली. मी नको नको म्हणत होते. अम्मा म्हणाली, तुम्ही नसता तर हे चुलीत गेलं असतं. नवऱ्यानं हात जोडले. मीही जोडले. घरभर खरबुजाचा वास. मुलगी फोडीवर फोड खात होती. यांनी माझ्यापुढं बशी सरकवली आणि हळूच म्हणाले, "मग? निस्तरून झालं ना?"

"सांगते म्हटलंय ना."

"आता तर तुझा सत्कारही झाला."

मी एक फोड खाल्ली. गोड होती. तेच तर.

त्या पावसाळ्यात शहरात पाऊस बरा झाला. झोटवाड्याच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, ऑटो बंद पडलेले. मी ऑफिसात रोज तलावाची बातमी विचारायची. तलावात आलं नाही. आलं ते इतकं कमी, की बांधाच्या पायरीलाही लागलं नाही. हिवाळ्यात नळाचं पाणी बदललं, बोअरचं आलं. भांड्यांवर पांढरे डाग राहायला लागले, डाळ शिजेना.

मार्च गेला, अम्मा आली नाही. एप्रिलमध्ये हातगाडीचा आवाज आला. गाडीवर काकड्या होत्या, पण एकाच मापाच्या, चकचकीत.

"तुमच्या नाहीत या," मी म्हटलं.

"मंडीच्या. पाणीच भरलं नाही तर उतरणार काय? उतरलं नाही तर जमीन निघणार कुठून?" मग नेहमीसारखं, "पाणी पिला द्यो."

मी तांब्या आणला. तिनं धार तोंडात सोडली, एक घोट गिळला आणि तांब्या खाली घेतला. बराच वेळ ती त्यातल्या पाण्याकडं बघत राहिली. "यो म्हारो पाणी कोनी," ती म्हणाली. हे माझं पाणी नाही. तरीही उरलेलं प्यायली. तहान लागलेली होती, टाकणार कशी?

तेव्हा मी सांगितलं. वर्षभर घोळवलेल्या वाक्यांतलं त्या वेळी एकही आठवलं नाही. "अम्मा, वो नक्शा मैंने बनाया था." एवढंच.

"मालूम छै," ती म्हणाली.

ती शांतपणे सांगायला लागली. त्या कागदावर चौदा नंबर कुठं आहे, हे गावाला कळेना, पटवाऱ्याला कळेना, तहसिलीतल्या बाबूला कळेना. तुम्ही कागद उघडलात आणि सरळ माझ्या शेतावर बोट ठेवलंत. टेकाडाच्या उगवतीला. शोधलंत सुद्धा नाही. ज्यानं काढलंय त्यालाच ते येणार.

जिला स्वतःचं फाटक सापडत नाही, तिला जगात नेमकी तेवढी एक जागा न शोधता सापडली होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? खरबुजं कशाला आणलीत?"

"गाठ ज्यानं मारली त्यालाच ती सुटते. मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ? म्हणून तर रोज येत होते." ती किंचित हसली. "आणि खरबुजं शेतातली होती. शेत वाचलं होतं." मग गाडीचा दांडा धरत तिनं विचारलं, "त्या भिंतींचा नकाशा कधी काढणार? त्या दिवशी तुम्हीही पाहिल्या."

"लिहून ठेवलंय. एक पान आहे."

"कुठं?"

"खणात."

माझ्या खणाचं चित्र तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं असावं, कारण मला तरी ते दिसलं, पंचिंग मशीनसकट.

पान मी त्या आठवड्यात काढलं. नवा नकाशा केला, या वेळी दोन्ही चित्रं ऑक्टोबरची. भिंती चित्रात दिसत नव्हत्या तर ओढ्याच्या काठानं पायी हिंडून त्या मोजल्या आणि हातानं काढल्या. दोनदा वाट चुकले, एका बंगल्याच्या कुत्र्यानं पाठलाग केला. जे म्हणायचं ते वर पहिल्या ओळीत लिहिलं, तळाशी काही लिहिलं नाही. साहेबांनी खूप दिवस ठेवून घेतलं, मग सही केली, 'संशोधन' हा शब्दही घातला नाही. कागद वर गेला. 'नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग आमची बदली झाली.

अम्मा शेवटपर्यंत येत राहिली, मंडीचा माल घेऊन. मी नकाशाचं कबूल केलं त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी मी सवयीनं तांब्या घेऊन फाटकाशी गेले, तर तिनं गाडीखालून एक प्लास्टिकची बाटली काढून दाखवली. घरून भरून आणलेली. गावच्या विहिरीत तेव्हा अजून थोडं होतं.

"का हो अम्मा? पाणी नको?"

"बेटी के घर को पाणी कोनी पीवां," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

माझी मुलगी टाळ्या पिटायला लागली. "आई! तू अम्माजीची बेटी झालीस!" हेही खूश होऊन म्हणाले, "चला, जयपुरात तुला माहेर मिळालं. सापडेल का बघ." मीही हसले. पण तांब्या हातात तसाच होता, आणि तो धरून मी किती वेळ उभी होते. तिनं मला लेक म्हटलं म्हणून ती पीत नव्हती, की माझ्या हातचं पाणी तिला नको होतं म्हणून पीत नव्हती, आणि ते तोंडावर सांगायचं नाही म्हणून लेक म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यानंतर दोन उन्हाळे ती रोज फाटकाशी थांबली, रोज विचारलं, "कागद को कांई हुयो?" आणि आमच्या घरचा एक घोटही घेतला नाही.